वरळीचा मनोरा आणि निपाणीची कौले : मुंबई दूरदर्शनचा सीमाभागातला इतिहास

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा बेळगावला मुंबई राज्यातून बाहेर पडून सोळा वर्षे होत आली होती. केंद्राच्या इतिहासात या गोष्टीला सहसा जागा मिळत नाही. ती मिळावी म्हणून हा लेख. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातला मराठी माणूस ज्यांच्यासाठी हे केंद्र काढले त्यांच्या यादीत नव्हता. तरीही तो या केंद्राचा प्रेक्षक झाला, टिकला आणि आजही आहे. तो कसा झाला हे सांगितल्याशिवाय केंद्राच्या पन्नास वर्षांची हकिकत पुरी होत नाही, असे मला मनापासून वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला गेला आणि बाकीचा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. शिफारशी कागदावरच राहिल्या आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. वाचकांना हे ठाऊक आहे. येथे ते पुन्हा सांगायचे कारण एवढेच, की प्रक्षेपणाचे नकाशे राज्यांच्या नकाशांवर बेतले गेले. केंद्र कुठे काढायचे, त्याची भाषा कोणती आणि त्याचे कार्यक्रम कोणत्या मनोऱ्यावरून पुढे जायचे, हे राज्यावरून ठरत गेले. त्या मनोऱ्याखालच्या घरात कोणती भाषा बोलतात हा प्रश्न त्या नकाशात नव्हता.

रेडिओच्या काळात याची झळ फारशी लागली नव्हती. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगली केंद्र १९६३ साली. मध्यम लहरी जमिनीला बिलगून लांबवर जातात, त्यांना नाका लागत नाही. निपाणी-चिकोडीच्या घरात रेडिओचा काटा एका टोकाला नेला की सांगली, दुसऱ्या टोकाला नेला की धारवाड. सकाळी सांगलीच्या बातम्या आणि रात्री धारवाडवरून मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे, असे दोन्ही ऐकून वाढलेली पिढी या भागात आहे आणि तिला त्यात काही विशेष वाटत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, गदगचे भीमसेन जोशी, धारवाडचे मन्सूर, ही सगळी मंडळी कन्नड मुलखातली आणि मराठी श्रोत्यांच्या हृदयातली. दोन भाषांमधली ही ये-जा रेडिओने अबाधित ठेवली.

दूरचित्रवाणीचे तसे नव्हते. तिच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाशी संपतात. मुंबई केंद्राचा वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच, पण बेळगाव तिथून सरळ रेषेत मोजले तरी ३९० किलोमीटरच्या आसपास. मधे अख्खा सह्याद्री. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर असल्यामुळे त्याचा पल्ला मोठा होता, तरी निपाणी तिथून सव्वादोनशे किलोमीटर आणि बेळगाव त्याच्याही साठ किलोमीटर पुढे. पहिली दहा वर्षे सीमाभागासाठी मुंबई केंद्र म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईच्या मामाकडे किंवा पुण्याच्या आत्याकडे बघायची गोष्ट होती. मुले परत आली की गल्लीत दोन दिवस तेच सांगत बसायची.

आणि तरी भारतीय दूरचित्रवाणीच्या जन्माशी बेळगावचा संबंध आहे. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत जाण्यापूर्वी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रातले कृष्णराव हरिहर बेळगावचेच, कन्नड वळणाचे मराठी बोलणारे आणि नाटक-संगीतावर जीव टाकणारे. पुढे पुलं बीबीसीत दूरचित्रवाणीचे शिक्षण घेऊन आले आणि दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक केंद्र सुरू झाले त्या सुरुवातीच्या काळात ते तिथे होते. दूरचित्रवाणीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. ज्या माणसाची मैफल बेळगावात रंगली, तो या माध्यमाच्या पहिल्या पायरीवर उभा होता. माध्यम बेळगावात यायला मात्र आणखी पाव शतक लागले.

मुंबई केंद्राची पहिली वर्षे फार सुंदर होती. पी. व्ही. कृष्णमूर्ती संचालक होते. दूरदर्शन तेव्हा आकाशवाणीचाच भाग होते, १ एप्रिल १९७६ ला ते वेगळे झाले. कृष्णधवल चित्र, संध्याकाळचे काही तास प्रक्षेपण आणि बरेचसे थेट. रंगभूमीवरची माणसे, आकाशवाणीतली माणसे, महाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली मुले, यांनी मिळून मराठी दूरचित्रवाणीची भाषा घडवली. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे यांनी बातम्या वाचल्या आणि त्या वाचनातून स्वच्छ, न ओरडता बोलल्या जाणाऱ्या मराठीचा वस्तुपाठ तयार झाला. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘किलबिल’, ‘आमची माती आमची माणसं’ ही नावे आजही पन्नाशी-साठीच्या माणसासमोर उच्चारली की त्याचा चेहरा बदलतो. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’मुळे तर गावोगावी प्रेक्षकांची मंडळे निघाली. बघणारा नुसता बघत बसला नाही, त्याने पत्रे लिहिली, उपक्रम केले.

‘चिमणराव’चा उल्लेख येथे मुद्दाम करतो. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत नेले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या जोडीचे जनक चिं. वि. जोशी बडोद्याचे. आयुष्यातली उमेदीची वर्षे त्यांनी बडोदा संस्थानात घालवली. मराठी मध्यमवर्गाचे सर्वांत आपलेसे वाटणारे कुटुंब महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी लेखकाने लिहिले होते, आणि सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट कळली की त्याला आधार वाटतो. राज्याची रेषा ओलांडली की भाषा पातळ होते, असे मानणाऱ्यांना हे एक उत्तर आहे.

शेजारी काय चालले होते तेही पाहू. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. कर्नाटकातली खेडी विजापूर, गुलबर्गा, रायचूर या जिल्ह्यांतली होती. म्हणजे बेळगावला लागून असलेल्या जिल्ह्यातल्या खेडूताने चावडीवर कन्नड दूरचित्रवाणी पाहिली, तेव्हा बेळगाव शहरात ती नव्हती. बंगळूर केंद्र १ नोव्हेंबर १९८१ ला सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम देशभर जाऊ लागला, रंग आले, नोव्हेंबरात एशियाड आले. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला आणि त्याच्या भरवशावर १९८४ साली देशात लघुशक्ती प्रक्षेपकांची रांग लागली. काही महिने तर जवळजवळ दिवसाला एक प्रक्षेपक, असा वेग होता.

लघुशक्ती म्हणजे शंभर वॅट. मनोऱ्याभोवती पंधरा ते पंचवीस किलोमीटर, बस्स. अशा प्रक्षेपकाच्या शेजारी उपग्रहाची थाळी असे, तिच्यावर दिल्लीचे चित्र उतरे आणि तेच पुढे गावात जाई. प्रादेशिक कार्यक्रमांची वेळ आली की महाराष्ट्रातल्या प्रक्षेपकांवर मुंबई आणि कर्नाटकातल्या प्रक्षेपकांवर बंगळूर. कोल्हापूरच्या प्रक्षेपकाच्या वाट्याला मुंबई आली, बेळगावच्या वाट्याला बंगळूर. यात कोणाचा वैरभाव नव्हता, ही रचनाच तशी होती. पण परिणाम असा झाला, की बेळगावच्या घरात टीव्ही आला तो हिंदी आणि कन्नड बोलत आला. ज्या शहरात १९४६ च्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तिथल्या आजीला सातच्या मराठी बातम्या दिसत नव्हत्या.

निपाणीचे नशीब थोडे वेगळे होते. कोल्हापूर तिथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत. शंभर वॅटचा पल्ला कागलपर्यंत आरामात, निपाणीपर्यंत मुश्किलीने. या मुश्किलीतून निपाणीच्या कौलांवर जे उभे राहिले त्याचे वर्णन केले पाहिजे, कारण मुंबई केंद्राच्या प्रेक्षकांनी आपल्या केंद्रासाठी एवढे कष्ट दुसरीकडे क्वचितच घेतले असतील.

अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमचा एक आडवा दांडा. त्याच्या मधे वळवून बंद केलेली नळी, तो डायपोल. त्याच्या मागे एक लांब नळी, रिफ्लेक्टर. पुढे आखूड होत जाणाऱ्या चार-सहा नळ्या, डायरेक्टर. जवळच्या केंद्रासाठी तीन-चार नळ्यांचा अँटेना पुरतो. लांबचे केंद्र धरायचे तर नळ्या वाढवायच्या आणि उंची वाढवायची. मग जीआय पाइपाचे दोन-तीन तुकडे जोडून दांडी करायची, ती कौलांमधून वर काढायची आणि वाऱ्यात हलू नये म्हणून तिन्ही बाजूंनी तारेचे तणावे द्यायचे. खाली चपटी दुपदरी वायर, मधे बूस्टर. एक जण छपरावर दांडी फिरवतोय, दुसरा खिडकीत, तिसरा टीव्हीसमोर.

“आलं काय रे?”

“आलं, आलं! थांब की! गेलं बघ. परत जरा मागं.”

“मुंग्या गेल्या काय?”

“आवाज आलाय, चित्र नाही.”

आवाज आला तरी काम झाले असे मानणारी घरे होती. पडद्यावर मुंग्यांचा थवा आणि त्यामागून स्पष्ट मराठी. निपाणी हे विडीचे गाव. तंबाखूची वखार, तंबाखूचा बाजार आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि जर्दा, बोटात दोरा. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा असतो, मान वर करायला सवड नसते. अशा बाईला चित्र नसले तरी चालते. ती मुंबईच्या नाटकाचे संवाद ऐकत विड्या वळते. केंद्रातल्या निर्मात्यांनी आपला प्रेक्षक कोण याचा विचार करताना ही बाई डोळ्यांसमोर आणली असेल काय, ठाऊक नाही. पण ती होती आणि तिने ऐकले.

आणखी एक गंमत या भागाने अनुभवली. पावसाळ्याआधीच्या दिवसांत किंवा थंडीतल्या निवांत रात्री हवेच्या गार थरावर उबदार थर येऊन बसतो. अशा वेळी लहरी त्या दोन थरांच्या मधून वाकत लांबवर जातात. ज्याचा अँटेना उंच आणि मुंबई-पुण्याच्या दिशेला नीट लावलेला, त्याच्या पडद्यावर अचानक लांबचे चित्र उमटायचे. अर्धा तास टिकायचे, कधी पाच मिनिटे. शास्त्र कळणारे थोडे, पण हवा कशी असली की चित्र येते याचा ठोकताळा बऱ्याच जणांना जमला होता. बेळगावच्या बाजूला, जिथे कोल्हापूर शंभर किलोमीटरवर राहते, तिथे हौशी मंडळींची सारी मदार या ठोकताळ्यावर.

जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि टीव्हीचे सेट घरोघर झाले. त्या वर्षांत सीमाभागातल्या मुलांना हिंदी उत्तम येऊ लागले, कन्नड कानावर पडू लागले आणि मराठीचे काय, असा प्रश्न पालकांना पडू लागला. मराठी शाळा, वाचनालये, नाटकमंडळे, व्याख्यानमाला हे सगळे चालू होतेच. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आणि ‘तरुण भारत’ १९१९ पासूनचा. पण मुलाचा संध्याकाळचा वेळ आता पडद्यापुढे जात होता आणि त्या पडद्यावर त्याची भाषा नव्हती.

ही कोंडी फोडली उपग्रहाने. दूरदर्शनने १९९३-९४ मध्ये प्रादेशिक भाषांच्या उपग्रह वाहिन्या सुरू केल्या. कन्नडला क्रमांक मिळाला नऊ, मराठीला दहा. डीडी-१० ही मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाली आणि ५ एप्रिल २००० ला तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. उपग्रहाच्या प्रकाशझोतात अख्खा देश येतो. बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद, सगळीकडे मुंबईचे चित्र एकाच क्षणी आणि सारखेच स्वच्छ. पण ते उतरवून घ्यायला आठ-दहा फुटांची थाळी लागायची. ती काही घराच्या छपरावर मावत नाही. ती केबलवाल्याच्या गच्चीवर बसली.

येथे केबलवाल्याचे श्रेय द्यायला हवे. नव्वदच्या दशकात बेळगावच्या गल्ल्यांत आणि निपाणीच्या पेठेत खांबाखांबावरून काळी वायर ओढत गेलेला हा माणूस कोणत्याही इतिहासात येत नाही. त्याने एका थाळीवर सह्याद्री धरले, मॉड्युलेटरवर चढवले आणि महिन्याच्या भाड्यात घरात आणून दिले. ‘दामिनी’ रोज दुपारी लागे, तेव्हा बेळगावच्या शहापूर-वडगावची बाई आणि दादरची बाई एकच भाग एकाच वेळी बघत होत्या. १९५६ नंतर मराठीत असे काही या दोघींच्या आयुष्यात प्रथमच घडत होते. थेट फोनवरचे ‘हॅलो सखी’सारखे कार्यक्रम आले. मुंबईच्या स्टुडिओतल्या निवेदिकेने “बोला, कुठून बोलताय?” असे विचारले आणि पलीकडून ०८३१ च्या एसटीडी लाइनवरून “बेळगावहून बोलते” असे ऐकू आले, की तेवढ्या एका वाक्यासाठी ओळखीपाळखीत फोन फिरत. नाव ऐकले जाणे ही केवढी गोष्ट असते, हे ज्याचे नाव सतत वादाच्या बातमीतच येते त्या गावाला विचारावे.

परंतु केबलच्या वायरीवरही जागा मर्यादित होती आणि ती कोणाला द्यायची हे कायद्याने काही अंशी ठरवले होते. केबल दूरचित्रवाणी कायदा १९९५ चा. त्याच्या आठव्या कलमानुसार केबलचालकाने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक आहे. २००० च्या दुरुस्तीने त्यात राज्याच्या प्रादेशिक भाषेची एक वाहिनी प्राइम बँडमध्ये, म्हणजे जुन्या साध्या सेटवरही दिसेल अशा जागी, देण्याची तरतूद केली. बेळगाव-निपाणीत ही जागा दूरदर्शनच्या कन्नड वाहिनीची, म्हणजे चंदनाची, हे उघडच होते. सह्याद्रीला कोणती जागा द्यायची हे केबलचालकाच्या मर्जीवर आणि ग्राहकांच्या रेट्यावर राहिले. ज्या गल्लीत मराठी घरे जास्त तिथे सह्याद्री पुढे, जिथे कमी तिथे चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावर; आणि बारा बटणांच्या जुन्या सेटवर तर नाहीच. तक्रार करायला जावे तर कायदा बाजूने नसायचा. माझ्या मते या कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या प्रदेशासाठी एका ओळीची भर घालता आली असती. ती घालावी असे कोणाला सुचले नाही, याची खंत आहे.

याच केबलने दुसरीही एक वाट दाखवली. वायरीवर एखादी जागा केबलचालकाच्या हातात मोकळी राहत असे. तिच्यावर स्थानिक वाहिन्या निघाल्या. एक कॅमेरा, एक खोली, मागे कापडाचा पडदा आणि समोर निवेदक. संध्याकाळी अर्ध्या तासाच्या गावच्या बातम्या, मग वाढदिवसाच्या शुभेच्छा, निधनवार्ता, दुकानांच्या जाहिराती. बेळगावची शिवजयंती वैशाखात होते आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. गणेशविसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावावर पहाटेपर्यंत गर्दी असते. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना ती गर्दी झेपत नाही. त्यांनी अंथरुणात बसून आपल्याच गल्लीचा देखावा टीव्हीवर बघितला, त्यात नातू नाचताना दिसला. मुंबई केंद्राला हे कधीच दाखवता आले नसते, त्याचे ते कामही नव्हे. पण निवेदकाची बोलण्याची ढब, बातम्यांचा क्रम, मुलाखतीची मांडणी, हे सारे मुंबई केंद्राच्या वळणाचे होते. शाळा कोणती, हे लगेच कळायचे.

१९९९ मध्ये अल्फा मराठी आली, २००० मध्ये ई टीव्ही मराठी, २००७ मध्ये मराठी बातम्यांच्या खासगी वाहिन्या. सीमाभागात मराठी वाहिन्यांची टंचाई संपली. या काळाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. एवढेच नोंदवतो, की खासगी वाहिन्यांच्या बातम्यांत बेळगाव दिसू लागले ते मुख्यतः दगडफेक झाली की, १ नोव्हेंबरचा काळा दिवस आला की, कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की. २००० साली य. दि. फडक्यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन झाले, २०१५ साली फैय्याज यांच्या अध्यक्षतेखाली नाट्यसंमेलन झाले. या शहराची जी ओळख त्या मांडवांत दिसली, ती दाखवायला सावकाश बघणारा कॅमेरा लागतो. तसा कॅमेरा दूरदर्शनकडे पहिल्यापासून होता.

डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस सुरू झाली, आता तिला फ्री डिश म्हणतात. दोन फुटांची थाळी, एक छोटा डबा आणि महिन्याचे भाडे नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाडीवर, जिथे केबलची वायर कधी पोहोचली नसती, तिथे सह्याद्री पोहोचले. शहरात मात्र सेट टॉप बॉक्स आला आणि नंतर पॅक आले. डीटीएच असो की केबल, कर्नाटकाचा पॅक वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा. पत्ता बेळगावचा दिला की आधी कन्नड पॅक पुढे येतो, मराठी वाहिन्या वेगळ्या सांगून घ्याव्या लागतात. जुन्या प्रक्षेपकांनी जे केले तेच आता पिन कोड करतो.

जुलै २०२० ची एक गोष्ट सांगायलाच हवी. करोनामुळे शाळा बंद होत्या. सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. त्याच महिन्यात कर्नाटकाने चंदनावर ‘संवेद’ सुरू केले, आठवी ते दहावीसाठी, कन्नडमधून. आता निपाणीच्या मराठी माध्यमाच्या शाळेतला आठवीचा विद्यार्थी घ्या. त्याचे पाठ्यपुस्तक मराठीत आहे, पण कर्नाटक मंडळाचे. चंदनावर त्याचा अभ्यासक्रम होता, भाषा त्याची नव्हती. सह्याद्रीवर त्याची भाषा होती, पुस्तक दुसरे होते. अशा मुलांना शिक्षकांनी दोन्ही बघायला सांगितले: विज्ञान-गणिताची कल्पना सह्याद्रीवर समजून घ्या, धडा कोणता चालू आहे ते चंदनावर बघा. पन्नास वर्षांपूर्वी आखलेल्या प्रक्षेपणाच्या नकाशाचा अर्थ त्या मुलाच्या वहीत सापडतो, एका बाजूला मराठी टिपण, दुसऱ्या बाजूला कन्नड शब्द देवनागरीत. मुंबई केंद्राने पुढच्या काळात करण्याजोगे एखादे काम सीमाभागासाठी सुचवा असे मला कोणी विचारले, तर मी हेच सांगेन: कर्नाटकातल्या मराठी माध्यमाच्या पुस्तकांवर आठवड्याला एक तास. साहित्य तयार आहे, शिक्षक बेळगावात आहेत, वाहिनी आधीच घराघरांत आहे.

दुसरे काम संग्रहाचे. सुरुवातीच्या काळातल्या चित्रफिती महाग होत्या आणि पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे पुष्कळ कार्यक्रम पुसले गेले. जे उरले आहे त्यातले कितीतरी आता यूट्यूबवर आले आहे. निपाणीतल्या ज्या माणसांनी तरुणपणी मुंग्यांमधून नुसता आवाज ऐकला, ती आज मोबाइलवर ते कार्यक्रम चित्रासकट बघतात. कुमार गंधर्वांच्या मैफली, साहित्यिकांच्या मुलाखती, यातले बेळगाव-धारवाडशी नाते सांगणारे जे जे शिल्लक असेल, ते वेगळे काढून त्याची सूची करावी. दोन्ही राज्यांतल्या अभ्यासकांना ती लागणार आहे.

प्रसार भारतीने २०२१-२२ मध्ये जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. कोल्हापूरकडे तोंड करून उभ्या असलेल्या निपाणीच्या उंच दांड्यांपैकी काही अजून कौलांवर आहेत, बहुतेक भंगारात गेल्या. त्यांच्या जागी दोन फुटांच्या थाळ्या आहेत आणि त्यांच्यावर सह्याद्री आणि चंदना दोन्ही विनामूल्य मिळतात. आमच्याकडच्या पुष्कळ मराठी घरांत आज दोन्ही लागतात. सातच्या बातम्या सह्याद्रीवर आणि ना. सोमेश्वरांची ‘थट्ट अंत हेळी’ ही प्रश्नमंजूषा चंदनावर, कारण पोरांना सरकारी नोकरीच्या परीक्षेला कन्नड सामान्यज्ञान लागते. त्यातले उत्तर कधी आजोबांना आधी सुचते, कधी नातीला.